पान आधी उलटून पाहा

बागेतल्या झुडपावर बुरशी दिसली की आपण तडक दुकानात जातो आणि ‘बुरशीचं औषध द्या’ म्हणतो. पण बुरशी काही एकच नसते. आधी पान हातात घ्यावं, उलटून पाहावं.

जास्वंदीचं पान काळं पडलंय आणि बोटानं पुसल्यावर काळं निघतंय, तर ती काजळी. ही बुरशी पानाला खात नाही. मावा किंवा पिठ्या ढेकूण झाडाचा रस शोषतात, चिकट गोड पाझर सोडतात, त्यावर ती वाढते आणि पानाचं ऊन अडवते. तेव्हा औषध किडीला हवं. पाण्याचा जोरदार फवारा मारावा, मग साबणाच्या पाण्यात निंबोळी तेल मिसळून संध्याकाळी फवारावं. मुंग्यांनाही आवरावं, त्या गोडासाठी त्या किडीची राखण करतात.

गुलाबाची भुरी वेगळी. थंडीत कोवळी पानं आणि कळ्या पीठ भुरभुरल्यासारख्या दिसतात. गंमत अशी, की तिला ओलं पान लागत नाही. रात्रीचा गारवा आणि दमट हवा पुरते. काळे ठिपके मात्र पावसाळी. पान सात-आठ तास ओलं राहिलं की ते रुजतात. म्हणून पाणी सकाळी आणि मुळाशी द्यावं, ठिपक्यांची गळलेली पानं वेचावीत, मधल्या फांद्या छाटून झुडपात वारा खेळू द्यावा.

भुरीवर पाण्यात मिसळणारं गंधक चालतं, लिटरला २ ग्रॅम. मात्र पारा ३२ अंशांच्या वर असताना किंवा निंबोळी तेल फवारल्यावर दोन आठवड्यांच्या आत ते मारू नये; पानं करपतात.

आता खरा पेच. आमच्या अम्मीला उन्हाळ्यात रोज चमचाभर गुलकंद लागतो, तोही दारच्या गावठी गुलाबाचा. गुलकंद शब्द फारसी. गुल म्हणजे फूल, कंद म्हणजे साखर. त्यात तिसरं काही नाही, आणि मला ते घालायचंही नाही. जे फूल तोंडात जाणार, त्यावर बुरशीनाशक मी मारत नाही. ब्राझीलमध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दूधपाण्याच्या फवाऱ्यानं झुकिनी भोपळ्याची भुरी आटोक्यात आली होती. गुलाबावर मी तेच करतो: एक भाग दूध, नऊ भाग पाणी, आठवड्यातून एकदा, सकाळच्या उन्हात. फार पांढरे झालेले शेंडे कात्रीनं काढतो. त्यापायी काही कळ्या जातात. त्या वर्षी बरणी लहान घ्यायची, इतकंच.