हळदीचा दावा आणि माशेलचा मुलगा

(सीमाभागातील एका ग्रंथालयाच्या वार्षिक सभेत आमच्या संपादकांनी केलेले भाषण.)



मोर्चाचे भाषण ऐकण्याच्या तयारीने आपण आला असाल, तर आज आम्ही आपली थोडी निराशा करणार आहोत. आज आम्हांस एका शास्त्रज्ञाच्या कारकीर्दीविषयी बोलावयाचे आहे. डॉ. रघुनाथ अनंत माशेलकर हे ते गृहस्थ होत.

त्यांचा जन्म १ जानेवारी १९४३ रोजी गोमंतकातील माशेल येथे झाला. त्या वेळी तेथे पोर्तुगीजांचा अंमल होता. वडील लहानपणीच गेले. आई अंजनीबाई मुलाला घेऊन मुंबईस आल्या आणि मिळेल ते काम करून त्यांनी त्याला शिकविले. बारा वर्षांचा होईपर्यंत मुलाच्या पायांत वहाणा नव्हत्या. माध्यमिक शाळेच्या प्रवेशासाठी लागणारे २१ रुपये उभे करणेही त्या माउलीस जड गेले. रस्त्याच्या दिव्याखाली अभ्यास करून हा मुलगा १९६० च्या शालान्त परीक्षेत राज्यात अकरावा आला. शाळा मराठी होती. मातृभाषेतून शिकलेला मुलगा शास्त्रात मागे पडतो, असे आम्हांला तोंडावर सांगणारे पुष्कळ आहेत. काही तर आमच्याच घरांत आहेत! त्यांना हे एवढे जरूर ऐकवावे.

टाटा विश्वस्त निधीची दरमहा ६० रुपयांची शिष्यवृत्ती, मुंबई विद्यापीठाची रासायनिक अभियांत्रिकीतील पदवी (१९६६), १९६९ साली पीएच.डी., इंग्लंडात सॅलफर्ड येथे काही वर्षे आणि १९७६ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आगमन, हा क्रम आम्ही भराभर उरकतो. १९८९ साली ते तेथील संचालक झाले. १९९५ ते २००६ या काळात वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे, म्हणजे देशभर पसरलेल्या सुमारे ४० प्रयोगशाळांचे, महासंचालक होते. शोध लावायचा, निबंध छापायचा आणि हक्क मात्र कोणी तरी दुसऱ्याने घ्यायचा, ही आमच्या शास्त्रज्ञांची जुनी खोड. आधी पेटंट घ्या, मग छापा, हा धडा त्यांनी या प्रयोगशाळांना दिला. पुण्याच्या प्रयोगशाळेचे पेटंट अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने परवाना घेऊन वापरले, हे त्याचेच फळ.

पण आपल्यासाठी खरा प्रसंग हळदीचा आहे. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास, जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर करण्याचे पेटंट मिळाले. आपल्या आजीने बोट कापल्यावर जे केले, ते त्या कागदावर नवा शोध ठरले! पेटंट हळदीवर नव्हते, तिच्या वापरावर होते, हे खरे. परंतु त्याने अन्याय उणा होत नाही. माशेलकरांच्या परिषदेने १९९६ साली त्यास आव्हान दिले. तेथील पेटंट कचेरीपुढे आजीची साक्ष चालत नाही. 'आमच्याकडे हे सर्वांस ठाऊक आहे' हे वाक्यही चालत नाही. हवा असतो आधी छापलेला, तारीख असलेला कागद. परिषदेने असे ३२ संदर्भ गोळा केले. त्यांत संस्कृत ग्रंथ होते आणि भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातील १९५३ सालचा एक निबंधही होता. १९९७ साली ते दावे फेटाळले गेले.

यातूनच पुढे पारंपरिक ज्ञानाचा अंकीय संग्रह उभा राहिला. संस्कृत, अरबी, फारसी, उर्दू, तामीळ ग्रंथांतील औषधयोग इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश व जपानी या भाषांत उतरवून परदेशी पेटंट परीक्षकांपुढे ठेवण्यात आले. परीक्षक ज्या भाषा वाचतात त्याच निवडल्या, यात गैर काही नाही. मूळ ग्रंथांच्या त्या यादीत मराठीचे नाव मात्र आमच्या नजरेस पडले नाही, आणि त्याचे आम्हांस दुःख आहे.

स्तुती करताना डोळे मिटावे, असे आम्हांस वाटत नाही. पेटंट कायद्यावरील त्यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटाच्या अहवालात दुसऱ्याच्या निबंधातील मजकूर श्रेयाविना उतरल्याचे २००७ साली उघड झाले आणि तो अहवाल मागे घ्यावा लागला. श्रेयाच्या हक्कासाठी झगडलेल्या मनुष्याच्या सहीखाली हे व्हावे, याची टोचणी राहते. तरी २००० सालापासून राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी शेतकरी, कारागीर यांच्या युक्त्यांची नोंद करण्याच्या कामास जे बळ दिले, त्याचे मोल आम्ही मोठे मानतो.

माशेलकरांना आमच्या लढ्याच्या पंगतीत ओढून बसविण्याचा आमचा हेतू नाही. गोव्याने १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरण नाकारले. तो कौल आमच्या चळवळीस रुचला नाही, आणि तो वाद येथे उकरावयाचाही नाही. आम्हांस हवी आहे ती हळदीच्या दाव्यातील रीत. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात सीमेचा दावा दाखल केला, तोही घोषणांवर चालणारा नाही. जुने सातबारे, खरेदीखते, शाळांची हजेरीपुस्तके, देवस्थानांचे हिशेब, हेच आमचे ३२ संदर्भ. आणि गुऱ्हाळघरातील गुळव्याने, गावच्या वैद्याने, विणकराने मराठीत लिहून ठेवलेल्या वह्या? त्या माळ्यावर उंदीर कुरतडीत आहेत.

या ग्रंथालयाच्या चालकांनी आमच्या विनंतीवरून एक कपाट मोकळे केले आहे. ज्याच्या घरी मराठीत लिहिलेला जुना कागद असेल, त्याने तो येथे आणावा. नक्कल करून मूळ प्रत त्याच दिवशी परत मिळेल. कागदावर तारीख आहे का, एवढे आधी पाहून घ्यावे.