भूक मारणारी गोळी

वजन उतरवायला भूक मारणारी गोळी घ्यावी का? सिब्युट्रामिन हे असंच औषध. पोट लवकर भरल्यासारखं वाटायचं, पण नाडी आणि रक्तदाब वाढायचा. हृदयरोग्यांमध्ये झटक्याचा धोका वाढलेला दिसला आणि २०११ मध्ये भारतात त्यावर बंदी आली. तरीही ‘जडीबुटीची’ म्हणून विकलेल्या कॅप्सूलांत ते चोरून मिसळलेलं सापडलं आहे. म्हणून कळकळीने सांगते, दारावर आलेली बिनलेबलाची डबी घेऊच नका.

वजन उतरवायला आता भूक कमी करणारी सेमाग्लुटाइडची इंजेक्शनंही मिळतात, पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायची; गरोदर बाईने मुळीच नाही. ती घेताना जेवण कमी जातं, तेव्हा ताटातली डाळ, अंडं, मासळी आधी खा. पोटातली तीव्र कळ पाठीत जाऊ लागली, तर पुढचा डोस न घेता लगेच तालुका रुग्णालय गाठा.