बाळाचा श्वास मोजा

"डॉक्टर, छातीचा फोटो तरी काढा की," असे हिंगोलीच्या दवाखान्यात आपण ऐकले असेल. कदाचित म्हटलेही असेल! तान्ह्याची सर्दी बहुधा विषाणूंची. तिला प्रतिजैविक औषध लागू पडत नाही, आणि फोटोही सहसा नवे काही सांगत नाही. खोकल्याचे गोड औषध तर नकोच. २०२५ साली छिंदवाड्यात तशा औषधातल्या विषारी द्रव्याने लेकरे दगावली.

मग पाहायचे काय? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावच्या सुईणींनाही श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवले. तिथले न्यूमोनियाचे बालमृत्यू इतर गावांच्या निम्म्याहून कमी झाले. १९९० साली 'लॅन्सेट'ने ते छापले.

बाळ शांत असताना पोटाकडे पाहत पुरते एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आत ६०, पुढे वर्षापर्यंत ५० किंवा जास्त श्वास भरले, छाती आत ओढली जाऊ लागली, बाळ अंगावर पिईना, तर हळद शिजायची राहिली तरी राहू द्या, दवाखाना गाठा. तिथे मग डॉक्टर देतील त्या औषधाला नाही म्हणू नका.