पिवळा दिवा

 

मागच्या वर्षी चाकणच्या एका प्लांटमध्ये आमचं सॉफ्टवेअर लाइव्ह जाणार होतं. रात्री दोनला माझी छाती आवळल्यासारखी झाली, हाताला मुंग्या आल्या. मित्राने थेट कॅज्युअल्टीत नेलं. ईसीजी नॉर्मल. डॉक्टरांनी विचारलं, "काही टेन्शन?" मी म्हणालो, "नाही." आणि मी खोटं बोलत नव्हतो. मला खरंच काही 'वाटत' नव्हतं, फक्त छाती आवळली होती. (तुमच्या छातीत दुखलं तर आधी ईसीजीच काढा हं, फ्रॉइड नंतर.)

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. भावना आत तयारच असते, की ती घडवावी लागते? मनोविश्लेषणावर थोडं वाचलं आणि मला लाइनवरचा अँडॉन आठवला.

ज्यांनी शॉप फ्लोअर पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्टेशनवर दिवे असतात. ऑपरेटरला गडबड वाटली की तो बटण दाबतो, पिवळा लागतो, लीडर धावत येतो. वेळेत सुटलं नाही की लाल, आणि लाइन बंद. १९२६ मध्ये फ्रॉइडने भीतीबद्दल साधारण हेच मांडलं. त्याआधी त्याला वाटायचं, दाबून ठेवलेली इच्छाच भीतीत बदलते. मग त्याने मत बदललं: भीती हा इशारा आहे. पुढे धोका आहे हे कळावं म्हणून मन स्वतःच तिचा छोटासा डोस घेतं. म्हणजे पिवळा दिवा.

पण जन्माला येताना आपल्याकडे पिवळा दिवा नसतोच. ताईचं बाळ चार महिन्यांचं आहे. भूक लागो नाहीतर पोट दुखो, थेट लाल. सगळं अंग रडतं. ताई उचलते, म्हणते, "काय झालं रे माझ्या सोन्याला? भूक लागली? नाही? मग झोप आलीये." ती अंदाजच मारत असते! पण घाबरत नाही.

हे नीट मांडलं विल्फ्रेड बियॉनने. हा माणूस १८९७ मध्ये आपल्या मथुरेत जन्मला. वडील पाटबंधाऱ्याचे इंजिनिअर, घरात आया. आठव्या वर्षी त्याला इंग्लंडच्या बोर्डिंगमध्ये पाठवलं, तो परत कधी भारतात आला नाही. त्याचं म्हणणं असं, की बाळाकडे कच्चा माल असतो, ज्याचा विचारच करता येत नाही. आई तो स्वतःत घेते, पचवते आणि सोसवेल असा करून परत देते. असं हजारदा झालं की बाळ हे काम स्वतः करायला शिकतं. आईच घाबरली, किंवा तिने घेतलंच नाही, तर तो माल तसाच परत येतो, उलट जास्त भयंकर होऊन.

आता आपली भाषा बघा. पोटात गोळा येतो, छातीत धस्स होतं, तळपायाची आग मस्तकात जाते. किती छान शब्द आहेत, पण सगळे शरीराचे. पुढचं पाऊल टाकणारा माणूस घरात लागतो. आमच्याकडे तो नव्हता. मी आठवीत असताना पप्पांची कंपनी बंद झाली. सहा महिने घरात त्यावर एक वाक्य नाही. पप्पांना 'पित्त' झालं होतं आणि आई ओवा देत होती. मला परीक्षेआधी उलट्या व्हायच्या, मलाही ओवा. आईची चूक म्हणत नाही मी. तिची भीती घ्यायला तरी कोण होतं?

ईसीजीचं पप्पांना मी महिनाभर सांगितलं नव्हतं. मग एका रविवारी सांगितलं. ते बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले. म्हणाले, "माझी पण छाती अशीच धरायची. कंपनी बंद पडली तेव्हा."

मी विचारलं, "पप्पा, तुम्हाला भीती वाटायची का?"

"मग काय वाटणार?" म्हणाले. "दोन पोरं, फ्लॅटचा हप्ता." आणि मग पहिल्यांदाच ते त्या सहा महिन्यांबद्दल बोलायला लागले. चहा दोनदा गरम करावा लागला.