पॉलिमर म्हणजे नेमकं काय? एका शब्दाची गोष्ट

आज एकच शब्द घेऊन बसूया: पॉलिमर. शाळेत दहावीच्या विज्ञानात तो 'बहुवारिक' म्हणून भेटतो आणि परीक्षा झाली की आपण विसरतो. मग पुढे आयुष्यभर पॉलिमर म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते प्लास्टिक. पण हे दोन शब्द एकच नाहीत. आणि हल्ली पिशवीवर, डब्यावर 'पॉलिमर' असं छापलेलं दिसतं, तेव्हा त्या शब्दातून काय कळतं आणि काय कळत नाही, हे माहीत असलेलं बरं.

आधी शब्द फोडूया. ग्रीक भाषेत 'पॉली' म्हणजे पुष्कळ आणि 'मेरोस' म्हणजे भाग, वाटा. पॉलिमर म्हणजे पुष्कळ भागांचा. सोपं आहे, नाही का? पण गंमत अशी की ज्या माणसाने हा शब्द रसायनशास्त्रात आणला, त्याच्या मनात लांबलचक साखळ्या मुळीच नव्हत्या.

तो माणूस म्हणजे स्वीडनचा रसायनशास्त्रज्ञ यॉन्स याकोब बर्झेलियस. साल १८३३. रसायनशास्त्राला शब्द पुरवण्यात याचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता. आयसोमर त्याचाच, कॅटॅलिसिसही त्याचाच. त्याच्यापुढे तेव्हा एक साधा हिशेबाचा प्रश्न होता. काही पदार्थांत मूलद्रव्यांचं प्रमाण अगदी सारखं असतं, पण एकाचा रेणू दुसऱ्याच्या दुप्पट किंवा तिप्पट असतो. उदाहरणार्थ, इथिलीनमध्ये २ कार्बन आणि ४ हायड्रोजन. ब्युटिलीनमध्ये ४ कार्बन आणि ८ हायड्रोजन. प्रमाण तेच, आकडे दुप्पट. अशा जोडीला बर्झेलियसने नाव दिलं: पॉलिमर.

या व्याख्येने चाललं तर काय होतं बघा. फॉर्माल्डिहाइडमध्ये १ कार्बन, २ हायड्रोजन, १ ऑक्सिजन. हेच प्रमाण दुप्पट केलं की व्हिनेगरमधलं ॲसिटिक आम्ल. तिप्पट केलं की दह्यातलं लॅक्टिक आम्ल. सहापट केलं की द्राक्षातलं ग्लुकोज. म्हणजे जुन्या अर्थाने ग्लुकोज हा फॉर्माल्डिहाइडचा पॉलिमर! आज कोणी असं लिहिलं तर मार्क कापले जातील.

आणि उलट बाजू आणखी मजेची. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, ग्लुकोजच्या हजारो एककांची साखळी. पण दोन ग्लुकोज जोडले जाताना प्रत्येक सांध्यावर पाण्याचा एक रेणू निघून जातो. त्यामुळे सेल्युलोजमधलं प्रमाण ग्लुकोजपेक्षा वेगळं पडतं. म्हणजे आज आपण ज्याला पॉलिमरचं आदर्श उदाहरण म्हणतो, ते बर्झेलियसच्या व्याख्येत बसत नाही.

मग अर्थ बदलला कसा? भांडणातून.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रबर, स्टार्च, सेल्युलोज हे पदार्थ रसायनशास्त्रज्ञांना छळत होते. ते नीट उकळत नाहीत, शुद्ध करून सहज स्फटिक मिळत नाहीत, रेणुभार मोजावा तर अवाढव्य येतो. बहुतेकांचं मत असं की हे मोठे रेणू नाहीतच. हे लहान रेणूंचे पुंजके आहेत, एकमेकांना कसल्याशा दुय्यम ओढीने चिकटलेले. आपल्याकडच्या बुंदीच्या लाडवासारखं समजा. लाडू मोठा दिसतो, पण बुंदी सुटी सुटीच असते, पाकाने धरून ठेवलेली.

हर्मन श्टाउडिंगर हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ तेव्हा झुरिकला शिकवत होता. त्याने १९२० साली लेख लिहून सांगितलं की हा लाडू नाही, ही माळ आहे. एकेक मणी शेजारच्या मण्याला नेहमीच्या पक्क्या रासायनिक बंधाने जोडलेला.

नुसतं म्हणून तो थांबला नाही. विरोधकांचं म्हणणं होतं की रबरातले रेणू त्यांच्यातल्या दुहेरी बंधांमुळे एकमेकांना धरून राहतात. ठीक आहे, म्हणाला, मग दुहेरी बंधच घालवू. त्याने रबराला हायड्रोजन जोडला. आता पाकच उरला नाही, तर लाडू फुटायला हवा, लहान रेणू सुटे व्हायला हवेत आणि ते उकळून वेगळे करता यायला हवेत. झालं काय? हाती आलेला पदार्थ मूळ रबरासारखाच वागला, उकळून वेगळा होईना. माळ तशीच होती. १९२२ साली हे निष्कर्ष छापताना त्याने अशा प्रचंड रेणूंसाठी नवा शब्द वापरला: मॅक्रोमॉलिक्यूल, महारेणू.

लोकांना लगेच पटलं असं नाही. हाइनरिश वीलंड, ज्यांना पुढे नोबेल मिळालं, त्यांनी त्याला मित्रत्वाने सल्ला दिला होता की हा मोठ्या रेणूंचा नाद सोड, ५००० पेक्षा जास्त रेणुभाराचे सेंद्रिय रेणू नसतातच, रबर नीट शुद्ध कर म्हणजे स्फटिक मिळतील. श्टाउडिंगरने नाद सोडला नाही. अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरोदर्सने एकेक सांधा जोडून साखळ्या बनवून दाखवल्या आणि १९३५ साली त्यातून नायलॉन आलं. श्टाउडिंगरला नोबेल मिळालं १९५३ साली, वयाच्या ७२ व्या वर्षी.

म्हणजे शब्द बर्झेलियसचा राहिला, अर्थ श्टाउडिंगरचा झाला. आजच्या काटेकोर वापरात एका साखळीला महारेणू म्हणतात आणि अशा साखळ्यांनी बनलेल्या पदार्थाला पॉलिमर. बोलताना आपण दोन्हीला पॉलिमरच म्हणतो, ते चालतं.

आता आपला मराठी शब्द बघा. हिंदीत 'बहुलक' म्हणतात. आपण म्हणतो 'बहुवारिक'. 'एकवार', 'वारंवार' यांतला 'वार' म्हणजे खेप. पुष्कळ खेपा, तेच ते पुन्हा पुन्हा. मला तरी वाटतं, ग्रीक शब्दात नुसते भाग आहेत, मराठी शब्दात त्या भागांची पुनरावृत्ती आहे. आजचा अर्थ आपल्या शब्दात जास्त नेमका उतरलाय.

मग पिशवीवरच्या त्या शब्दाचं काय? पॉलिमर म्हणजे साखळी आहे, एवढंच त्यातून कळतं. भाकरीतला स्टार्च पॉलिमर, धोतराचा कापूस पॉलिमर, आपल्या पेशीतला डीएनए पॉलिमर आणि दुधाची पॉलिथिनची पिशवीसुद्धा पॉलिमरच. स्टार्च आणि सेल्युलोज दोन्ही ग्लुकोजचेच, फक्त मणी ओवायची तऱ्हा वेगळी. तेवढ्यावर भाकरी आपल्याला पचते आणि कापूस पचत नाही. तरी कापूस मातीत कुजतो, कारण तो सांधा तोडणारे जीवजंतू मातीत आहेत. पॉलिथिनची साखळी मात्र नुसत्या कार्बनची, जंतूंना तोडायला सोपा सांधाच नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं पडून राहते.

तेव्हा कोणी म्हणालं, 'हे प्लास्टिक नाही हो, पॉलिमर आहे', तर पुढचा प्रश्न विचारा: मणी कोणते, आणि सांधा कसला? खरी माहिती त्या उत्तरात आहे.

आज इथेच थांबूया. ऐकत राहा, आणि वाचत असाल तर वाचत राहा.