शंकेखोराचे ऋण

(ज्ञातिसंस्थेच्या सायखेडा येथील वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या तरुणांपुढील नव्या व्यवसायांविषयी चार शब्द सांगावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. मी जुनी अकरावी, म्हणजे मॅट्रिक झालेला मनुष्य. सारे आयुष्य खडू आणि फळा यांच्या सहवासात गेले. नव्या व्यवसायांचे माझे ज्ञान ते किती असणार! म्हणून आज्ञा मोडत नाही. परंतु एकाच व्यवसायाविषयी बोलण्याची परवानगी मागतो. तो व्यवसाय म्हणजे जनसंपर्क. माझा एक पुतण्या पुण्यास एका कंपनीत हे काम करतो. त्याने मला घातलेल्या एका कोड्यातून हे व्याख्यान निघाले आहे.

त्याची कंपनी जमिनीतील ओल मोजणारे एक लहानसे यंत्र बनविते. यंत्राची माहिती लोकांपर्यंत पोचविणे हे पुतण्याचे काम. नवी यंत्रे मागवून, वापरून, त्यांचे गुणदोष निर्भीडपणे लिहिणारे काही लोक असतात. अशाच एका लेखकाने हे यंत्र शेतात पुरून पाहिले आणि लिहिले की, काळ्या जमिनीत ते खोटे बोलते. कंपनीत एकच गडबड उडाली. वरिष्ठांनी सांगितले, "या गृहस्थाला पुन्हा यंत्र द्यावयाचे नाही, आपली स्तुती करणारे चार लेखक शोधा." दिवाळीत पुतण्या घरी आला तो उतरलेल्या चेहऱ्याने. म्हणाला, "अण्णा, असल्या शंकेखोर माणसाचे करायचे काय?"

मी त्याला म्हणालो, "बाळ, तुझा पणजोबा असाच शंकेखोर होता. त्याचे काय करावयास हवे होते, ते आधी पाहू."

मंडळी, आपण वाकस आणि पटाशी यांवर जगलेल्या घराण्यांतील लोक आहोत. माझे आजोबा या गंगाथडीला सुतारकी करीत. बाभळीचे खोड पारखून त्याचा नांगर घडवावा, हळस बसवावी, रुमणे नीट करावे, आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपले बलुते घ्यावे, असा तो क्रम. आपल्या भागातली जमीन काळी आणि भारी. लाकडी नांगराला चार-चार, सहा-सहा बैल जुंपावे लागत आणि नांगर वारंवार दुरुस्तीला येई. पुढे लोखंडी नांगर आला. आजोबांनी तो पाहिला आणि सर्वांना सांगितले, "हे आपल्या रानात चालणार नाही." लहानपणी ही कथा ऐकून आम्ही हसत असू. आजोबांना आपले बलुते बुडण्याची भीती वाटली, एवढाच अर्थ आम्ही काढला होता.

ज्यांनी हा लोखंडी नांगर महाराष्ट्रात रुजविला, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचा इतिहास आपणांस ठाऊक असेलच. त्यांचा जन्म १८६९ सालचा. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवीत. म्हणजे तेही एके काळचे मास्तरच! ती नोकरी सोडून त्यांनी बेळगावास सायकलींचे दुकान काढले. पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर तयार करू लागले. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी आश्रय दिला आणि १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. परंतु नांगर तयार होणे निराळे आणि तो खपणे निराळे. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली, असे सांगतात.

आता या समजुतीकडे जरा बारकाईने पाहा. लाकडी नांगराचा फाळ कशाचा होता? लोखंडाचाच! पिढ्यान्पिढ्या तोच फाळ जमिनीत जात होता आणि जमीन पिकत होती. मग लोखंडाची भीती एकाएकी कोठून आली? मला वाटते, शेतकऱ्याच्या मनात दुसरेच प्रश्न होते. एवढे रोख पैसे कोठून आणू? हा मोडला तर गावात कोण दुरुस्त करील? माझा सुतार माझ्या ओट्यावर येतो, या कारखानदाराला मी कोठे गाठू? लाकडी नांगर माती फाडतो, हा तर ती उलथून टाकतो. खालची माती वर आली तर पुढच्या साली काय होईल? हे सगळे प्रश्न शहाणपणाचे होते. परंतु सुशिक्षित मनुष्यासमोर ते मांडण्यास त्याच्यापाशी भाषा नव्हती. म्हणून सारे प्रश्न त्याने "विष" या एका शब्दात बांधून टाकले. ज्याने तो शब्द ऐकून हसून सोडून दिला, त्याला ते प्रश्न कधीच कळले नाहीत. ज्याने गाठोडे सोडून पाहिले, त्याला कळले.

आजोबांच्या शंकेत स्वार्थ होता, हे मी नाकारीत नाही. तथापि आयुष्यभर नांगर घडविलेल्या माणसाला नांगर कोठे मोडतो, हेही ठाऊक होते. स्वार्थ आणि ज्ञान एकाच मुखाने बोलत होते. ऐकणाऱ्याने त्यातून ज्ञान वेचून घ्यावयाचे असते. स्वार्थ दिसला म्हणून ज्ञानही टाकून द्यावयाचे नसते.

किर्लोस्करवाडीने पुढे आणखी एक गोष्ट केली, ती आजच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. कारखान्याच्या जाहिरातीचे काम पाहणारे शंकरराव किर्लोस्कर यांनी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक सुरू केले. हेतू हा की, कारखान्याच्या मालाची आणि कामाची वार्ता गिऱ्हाइकांस कळावी. आज ज्याला आपण जनसंपर्क म्हणतो, त्याचे मराठीतील हे एक आद्य आणि उत्तम उदाहरण होय. परंतु ते पत्र आपल्याच मालाच्या वाखाणणीत अडकून पडले नाही. १९२९ पासून ते नुसते 'किर्लोस्कर' झाले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ लेख त्यात छापले गेले, त्यांवर वादळे उठली, आणि ज्याच्या नावावर नांगर विकले जात होते, त्याच नावाच्या मासिकाने ती सोसली. वाचकाला एकदा अनुभव आला की, हे लोक न रुचणारेही छापतात, म्हणजे त्यांच्या नांगराच्या वर्णनावरही त्याचा अधिक विश्वास बसणार. निदान मी वाचक असतो तर माझा बसला असता.

साता समुद्रांपलीकडेही या व्यवसायाचा आरंभ याच प्रश्नाने झाला. अमेरिकेत आयव्ही ली नावाच्या गृहस्थाने १९०६ साली कोळशाच्या खाणमालकांच्या वतीने वर्तमानपत्रांकडे एक जाहीरनामा धाडला. आमचे काम उघड्यावर चालेल, माहिती अचूक असेल आणि ती पडताळून पाहू इच्छिणाऱ्यास आम्ही साहाय्य करू, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी रेल्वेचा भीषण अपघात झाला, तेव्हा ती बातमी दडपण्याऐवजी त्याने कंपनीकडून बातमीदारांना घटनास्थळी नेवविले. परंतु याच लीने १९१४ साली कोलोरॅडोतील खाणकामगारांच्या हत्याकांडानंतर मालकांच्या बाजूने जी पत्रके काढली, त्यांत चुकीची माहिती निघाली आणि त्याची मोठी नाचक्की झाली. तत्त्वे लिहिणे सोपे, मालकाचे मीठ खाऊन ती पाळणे अवघड. आपल्या देशात या व्यवसायाची राष्ट्रीय संस्था १९५८ साली स्थापन झाली. तथापि प्रत्येक तरुणाला तो जुना प्रश्न नव्याने सोडवावा लागतो, हे माझ्या पुतण्याने मला दाखवून दिले.

येथे मला स्वतःचा एक अपराध कबूल केला पाहिजे. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी मी एका खेड्यात शिक्षक होतो. एका संस्थेची मंडळी निर्धूर चुलींचा प्रचार करीत आली. कोणती संस्था, ते सांगण्याचे कारण नाही. बायकांचे डोळे धुराने जातात, हे मी रोज पाहत होतो. म्हणून मी उत्साहाने पुढाकार घेतला. शाळेच्या पटांगणात सभा भरविली. तेव्हा एक वृद्ध बाई उठून म्हणाली, "मास्तर, हिच्या तोंडात लांब लाकूड शिरत नाही, ते रोज तोडणार कोण? नळीतली काजळी काढणार कोण? आणि तव्यावरची भाकरी उतरवून मी जाळापाशी उभी करते, ती येथे कोठे उभी करू?"

सभेत मास्तरांना प्रश्न! मी चिडलो. म्हणालो, "आजी, तुम्हांला यातले काय कळते? शास्त्रज्ञांनी बनविलेली आहे ही." लोक हसले. आजी खाली बसली. घरोघर चुली बसल्या. वर्षभरात नळ्या काजळीने तुंबल्या, धूर पुन्हा घरात भरला, कित्येक चुलींवर हंडे-कळश्या मांडल्या गेल्या आणि शेजारी तीन दगडांची चूल पुन्हा पेटली. त्या बाईचे तीन प्रश्न जर मी त्याच दिवशी कागदावर लिहून संस्थेकडे धाडले असते, तर चुलीचे तोंड कदाचित रुंद झाले असते, काजळी काढण्याची काही सोय झाली असती. मी ते केले नाही. चूल हरली, आणि तीबरोबर कित्येक बायकांचे डोळेही. त्या आजीची क्षमा मागण्याचे धैर्य मला झाले तोवर ती राहिली नव्हती. म्हणून ती आज येथे, आपणां सर्वांसमक्ष मागतो.

आपल्या निफाड तालुक्याला तर शंकेखोराने केवढा धडा दिला आहे! २०१० साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचा अंश तेथील तपासणीत आढळला. माल अडकला, बागाईतदार हवालदिल झाले. परदेशी लोक मुद्दाम खोड काढतात, असेही पुष्कळांनी म्हटले. परंतु नुसत्या रागाने एकही पेटी खपत नाही. तपासणी वाढली, नोंदी ठेवल्या जाऊ लागल्या, आणि त्या नोंदींच्या बळावर द्राक्षे पुन्हा त्याच बाजारात गेली. संशय घेणाऱ्या गिऱ्हाइकाला शिव्या देऊन नव्हे, तर त्याला पुरावा दाखवून आपण टिकलो.

आणि या गंगेच्या काठी राहणाऱ्यांना विश्वासाचे मोल मी काय सांगावे? २०१६ आणि २०१९ सालच्या पुरांत सायखेडा-चांदोरीत पाणी शिरले, ते आपण पाहिले. "पाणी येत आहे, घर सोडा," हे शब्द सांगणारा मनुष्य कोण, यावर ऐकणाऱ्याचे पाऊल उचलते किंवा अडते. पुराच्या रात्री ज्याच्या शब्दावर विसंबावयाचे, त्याची पारख उन्हाळ्यातच झालेली असते. जो कोरड्या दिवसांत सोयीचे तेवढेच सांगतो, त्याचे ओल्या दिवसांत कोण ऐकणार?

हे सर्व मी पुतण्याला सांगितले आणि म्हणालो, "तू त्या लेखकाकडे स्वतः जा. बरोबर यंत्र बनविणारा माणूस ने. हुज्जत घालू नको. कोणत्या शेतात, कोणत्या दिवशी, किती खोलीवर यंत्र पुरले, ते विचार आणि लिहून घे." पुतण्या गेला. तेव्हा उमगले की, काळी जमीन वाळताना भेगाळते, यंत्राच्या टोकाभोवती पोकळी राहते आणि ओल असूनही यंत्र ती कमी दाखविते. काळ्या रानात वाढलेल्या कोणालाही भेगा ठाऊक आहेत. परंतु यंत्र तपासले होते कुंड्यांतील मातीत! वरिष्ठांना हे पटविण्यास पुतण्याला दोन महिने लागले. एकदा नोकरी जाते की काय, अशीही वेळ आली. अखेर माहितीपत्रकात स्पष्ट वाक्य छापले गेले की, भेगाळणाऱ्या जमिनीत यंत्र कसे पुरावे आणि केव्हा त्यावर विसंबू नये. त्या लेखकाने यंत्राची पुन्हा परीक्षा घेतली. पूर्ण स्तुती त्याने अद्यापि केलेली नाही, आणि मला त्यात काही वावगे वाटत नाही.

तरुण मित्रहो, आपले पूर्वज वस्तू घडवीत. तुमच्यापैकी अनेकजण आता वस्तूंविषयीचे शब्द घडविणार आहात. कारागिरीचा नियम तोच आहे. लाकडात गाठ असली तर ती रंगाखाली झाकून नांगर देणारा सुतार एका सुगीपुरता सुखी होतो. दुसऱ्या सुगीला खळ्यावर त्याला तोंड दाखविता येत नाही. गाठ दाखविणारा मनुष्य भेटला तर त्याला आपला वैरी समजू नका. त्याने कोणतेही वेतन न घेता तुमच्या मालाची पारख केलेली असते. त्याची प्रत्येक शंका खरीच असेल असे नाही. परंतु ती ऐकून घेतल्याशिवाय खरी कोणती आणि खोटी कोणती, हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

आणि वडीलधाऱ्यांना एक विनंती. घरात मुलगा किंवा मुलगी प्रश्न विचारू लागली, तर "तुला काय कळते" हे तीन शब्द उच्चारू नका. ते मी एकदा उच्चारले, आणि त्याचे ओझे चाळीस वर्षे वाहतो आहे.

कोणास काही शंका असल्यास अवश्य विचाराव्यात. आता मी चिडणार नाही.