बांधावरची स्क्रीन

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइल अॅपवरून पिकांची नोंद, सुरू झाली. बीडचा शेतकरीही आता स्वतःच गट नंबर निवडतो, कपाशी किंवा सोयाबीनचा फोटो काढतो आणि पेरा नोंदवतो, तोही भर उन्हात, मातीच्या हातांनी.

अशा अॅपची स्क्रीन आखायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. स्क्रीन आखण्याच्या साधनांपैकी फिग्मा मर्यादित स्वरूपात मोफत मिळतं, पेनपॉट तर पूर्ण मुक्त आहे. दोन्ही ब्राउझरमध्ये चालतात. अँड्रॉइडसाठी गुगलची मटेरियल डिझाइन ही नियमावली मोफत वाचता येते. बटण किमान ४८ डीपी, म्हणजे साधारण नऊ मिलिमीटरचं असावं, असं ती सांगते. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक किमान ४.५ : १ हवा, उन्हात त्याहून जास्तच ठेवा.

मराठीसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट मोफत मिळतो. ओळींमध्ये मात्र मोकळी जागा ठेवा, नाहीतर ‘र्कीं’सारख्या अक्षरावरचा रफार आणि अनुस्वार कापला जातो. इंग्रजी मजकुरावर आखलेल्या स्क्रीनमध्ये ही चूक हमखास होते.

बीड, अंबाजोगाईच्या विद्यार्थ्यांनो, आराखडा आधी कागदावर काढा आणि घरातल्या शेतकऱ्याला दाखवा.